काटा बार्शीटाकळीहून निघाला

१

अकोल्यात उन्हाळ्याच्या दुपारी जो रस्त्यावर दिसतो तो एक तर वेडा असतो, नाहीतर पाहुणा. जुन्या शहरातली ती गल्ली या दोन्हींत मोडत नसल्यामुळे जेवणं उरकली की दारं ओढून घ्यायची आणि कूलरच्या घरघरीत पडून राहायची. गल्ली तरी केवढी? समोरून कुणी आलं की एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. समोरून बकरी आली तरी नियम हाच.

या गल्लीत गुलाम नबींचं मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर टांगलेली जुन्या गाड्यांची मीटरं. नव्या गाड्यांत काटे जाऊन आकडे आले, तसं गिऱ्हाईक आटलं. उरले ते जुन्या गाड्यांचे हौशी लोक. ते मात्र थेट अमरावती-परतवाड्याहून येत. दुरुस्त मीटर हातात देताना नबीभाई प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "काटा थरथरला तं घेऊन या. कधीबी या." हीच त्यांची गॅरंटी. तिला मुदत नव्हती.

बारीक कामाला शांतता लागते, म्हणून ते दुपारीच कामाला बसत. त्या दिवशी असेच बसले असताना बार्शीटाकळीचे जानराव घामाघूम होऊन आत आले. तान्हं पोर आणावं तसं त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून आणलेलं मीटर टेबलावर ठेवलं. त्यांच्या जुन्या अँबॅसडरचं वेगाचं मीटर होतं ते. जानरावांचा जीव दोन ठिकाणी होता, नात प्रतीक्षा आणि ही गाडी. आणि पुढच्या महिन्यात पहिलीची वरात दुसरीतून निघायची होती.

"पाहा बाप्पा नबीभाई, काटा तुटला."

नबीभाईंनी मीटर उजेडात धरलं. काटा मुळाशी मोडून आत पडला होता. वरची काच मात्र शाबूत होती, तिच्या कडेचं रबरही जागचं हललेलं नव्हतं.

"काच कोनं उघडली होती?"

"कोनं नाई. गाडी तं होळीपासून गोठ्यात विटांवर उभी हाय. चाकंबी काढली, नवे टायर टाकाचे हायेत. परवा धूळ झाडाले गेलो तं काटा मोडून पडेल दिसला. उभ्या गाडीचा काटा मोडते कसा, सांगा बरं?"

"ऊन किती तापून राह्यलं! जुनं प्लॅस्टिक हाय, कडक होऊन मोडलं असन," नबीभाई म्हणाले. "सोमवारी या."

स्वतःचं उत्तर त्यांना फारसं पटलं नव्हतं. पण कारागिरानं गिऱ्हाइकासमोर डोकं खाजवू नये.

२

मोडका काटा चिमट्यात धरताच त्याचा भुगा झाला. म्हणजे नवा करणं आलं. काटा करायला नबीभाई ज्वारीच्या धांड्याचं, म्हणजे ताटाचं, सालटं वापरत. वऱ्हाडातली पोरं त्याच सालट्याच्या बैलगाड्या करून खेळतात. हलकं, सरळ आणि उन्हात न वाकणारं. ब्लेडनं तासून ते त्यांनी सुईइतकं बारीक केलं, मुळाशी डिंकाचा थेंब देऊन बसवलं, पांढरा रंग दिला आणि टोकाला बायकोची, म्हणजे शकीलाबींची, केशरी नखपॉलिश लावली.

"माह्या पॉलिशीनं गावातल्या साऱ्या गाड्या नटल्या," शकीलाबी आतून म्हणाल्या. त्या घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी चाले, आणि टोमणा मारायला शकीलाबींना दोन्ही भाषा सारख्याच येत. "माह्या नखाईले मात्र थेंब नाई उरला."

नबीभाई हसले, पण ओठातल्या ओठात. गेला महिनाभर त्या घरात हसणं जरा जपूनच चाललं होतं. झालं होतं असं, की नबीभाई परतवाड्याला एका निकाहला गेले आणि बसस्टँडवर उतरून तिथेच बसून राहिले. कुणाच्या घरी जायचं तेच आठवेना. थोड्या वेळानं आठवलं, गेले, जेवले, परत आले आणि बायकोला सांगून बसले. शकीलाबींनी ते अमरावतीला लेकीला सांगितलं. उज्मा तिथे एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिनं ताबडतोब डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली. "रविवारी न्यायला येते, अब्बा. नुसतं दाखवून घेऊ."

दाखवून घेण्याची नबीभाईंना भीती नव्हती. दिसेल त्याची होती. त्यांचे अब्बा याच टेबलावर घड्याळं दुरुस्त करायचे. म्हातारपणी त्यांना बंद पडलेल्या घड्याळांची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग एक दिवस उघडलेलं घड्याळ त्यांना परत जोडता येईना. आणि शेवटी शेवटी ते समोर बसलेल्या गुलाम नबीला अदबीनं विचारत, "आप किसके बेटे हैं?"

ते आठवलं की नबीभाई हातातला चिमटा खाली ठेवत. आपलीही सुरुवात झाली असेल तर हे टेबल गेलं, हे हात गेले आणि एक दिवस उज्माचं नावही जाईल. याहून जास्त ते आयुष्यात कशालाच घाबरले नव्हते.

३

रंग वाळावा म्हणून मीटर काच न लावताच टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नबीभाई दुसऱ्या एका मीटरचा स्क्रू शोधत होते, तर डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी केशरी हललं.

जानरावांच्या मीटरचा काटा शून्यावरून उठला होता.

चाकाकडून येणारी केबल मीटरच्या पाठीत फिरते, तेव्हा काटा उठतो. इथे केबल नव्हती. चाकंही नव्हती. पाठीतलं भोक नुसतं उघडं होतं. तरी काटा तिसाच्या पुढे जाऊन थांबला, आणि त्याचं टोक किंचित थरथरत राहिलं.

"कूलरचा वारा," नबीभाई स्वतःशीच म्हणाले आणि उठून त्यांनी कूलर बंद केला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की आतून शकीलाबींचं घोरणं ऐकू आलं. काटा साठाकडे चालला होता. मीटरच्या आत लोहचुंबक असतं, म्हणून त्यांनी टेबलावरचे पाना-पकड आत नेऊन ठेवले. येऊन पाहतात तो काटा खाली येत होता, सावकाश, ब्रेकवर पाय ठेवावा तसा. शून्यावर टेकला आणि गप्प झाला.

गर्मी, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी माठातलं दोन पेले पाणी पिऊन घेतलं.

४

पुढच्या दुपारी त्यांनी कूलर आधीच बंद ठेवला, दार लोटून घेतलं आणि घाम पुसत काट्यासमोर बसले. काटा ठरल्यासारखा उठला. थोडा चढला, पडला. पुन्हा थोडा चढला, पुन्हा पडला. मग साठापर्यंत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. नंतर हळूहळू शून्यावर आला, थांबला. बराच थांबला. आणि पुन्हा उठला.

नबीभाईंना हा रस्ता ओळखू आला.

दुरुस्त केलेलं प्रत्येक मीटर ते गाडीत बसवून बार्शीटाकळीपर्यंत तपासायला नेत. उभी हयात हाच रिवाज. ड्रायव्हरनं रस्ता पाहायचा आणि शेजारी बसून नबीभाईंनी काटा पाहायचा. त्या रस्त्यावरची झाडं, मळे, देवळं त्यांना आजही सांगता आली नसती. पण काट्यावरून रस्ता सांगता आला असता. बार्शीटाकळीबाहेरचे दोन स्पीडब्रेकर. मग सरळ पट्टा. मग रेल्वेचं फाटक, तिथे सगळ्यांनाच थांबावं लागतं. जे काही चाललं होतं ते बार्शीटाकळीहून निघून अकोल्याकडे येत होतं. काल ते फाटकाशी थांबलं होतं. आज फाटक ओलांडलं.

त्यांनी जानरावांना फोन लावला.

"भाऊ, गाडी कोनी बाहेर काढली काय?"

"कशी काढन? विटांवर उभी हाय म्हटलं ना! आत्ता तिच्याच सावलीत खाट टाकून पडलो होतो. काहून?"

"काई नाई. असंच पुसलं."

फोन ठेवला तेव्हा काटा शून्यावर आला होता. नबीभाईंनी हिशेब केला. शहराचं तोंड.

५

तिसऱ्या दिवशी काटा उठताच त्यांनी शकीलाबींना हाक मारली. त्या झोपेतून उठून, ओढणी सावरत आल्या, टेबलाशी वाकल्या. काटा शून्यावर पडून होता. मेलेल्या पालीच्या शेपटीसारखा गप्प.

"काय पाहू?"

"काटा... रंग कसा दिसते म्हटलं."

"यासाठी उठवलं?" शकीलाबींनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा मारला नाही. तेच वाईट झालं. थोड्या वेळानं आतून त्यांचा फोनवरचा दबका आवाज आला, "रविवारी नक्की ये बेटा. उशीर नको करू."

त्या आत गेल्या तसा काटा पुन्हा उठला आणि कालचा सगळा रस्ता कापून पुढे आला. आता तो रेंगाळत चालला होता. गर्दीतून, वळणांतून, विसाच्या आसपास. मग एक छोटा चढ, एक छोटा उतार. मोर्णा नदीचा पूल. पूल ओलांडला म्हणजे जुनं शहर आलंच. शून्य.

काटा उपटून फेकायला कितीसा वेळ लागला असता? चिमट्याचं काम. नबीभाईंनी चिमटा दोनदा उचललाही आणि दोनदा खाली ठेवला. काटा काढला असता, तर खोट काट्यात आहे की आपल्या डोक्यात, हे मग कधीच कळलं नसतं. अब्बांनाही टिकटिक खरीच वाटायची. ऐकणारा दुसरा कुणी नव्हता, एवढाच काय तो फरक. शनिवारी ते दिवसभर टेबलाकडे फिरकलेच नाहीत. मशिदीत जाऊन बसले.

६

रविवारी उज्मा आली. आल्या आल्या तिनं आईच्या हातचा चहा घेतला, बापाच्या हाताची नाडी पाहिली आणि जेवण झाल्यावर हळूच दुकानात येऊन स्टुलावर बसली. शकीलाबी आत लवंडल्या होत्या.

"अब्बा, डॉक्टर उद्या काई काई इचारतीन. आपण आज घरीच पाहून घेऊ?"

"पाह्य."

तिनं वार विचारला, महिना विचारला, तिच्या लहानपणीच्या शाळेचं नाव विचारलं. नबीभाईंनी सगळं नीट सांगितलं. मग तिनं पर्समधून कोरा कागद काढला.

"आता घड्याळ काढा."

नबीभाईंनी लेकीकडे पाहिलं. "घड्याळ? मले सांगते घड्याळ काढाले?"

"साऱ्यायलेच सांगतेत, अब्बा. गोल काढाचा, आकडे टाकाचे, काटे दाखवाचे."

त्यांनी पेन्सिल घेतली. गोल काढला, आकडे टाकले. चावी द्यायचं बटणही काढलं. चांगलं चाललं होतं. काटे तेवढे राहिले होते, आणि तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला केशरी टोक हललं.

त्यांनी मान वर केली नाही. कपाळावरचा घाम कागदावर पडला. दिसलं म्हणून सांगितलं तर लेक डॉक्टरला सांगणार. नाही सांगितलं, तरी दिसतंय ते दिसतंयच. पेन्सिल गोलाच्या मधोमध टेकवून ते तसेच बसून राहिले.

"अब्बा," उज्मा म्हणाली. ती टेबलावर वाकली होती. "याले केबल कुठी हाय?"

पेन्सिल हातातून सुटली.

उज्मा काट्याकडे पाहत होती. काटा चढत होता आणि तिचे डोळे त्याच्यासोबत चढत होते. नबीभाई काट्याकडे पाहतच नव्हते. ते लेकीचे डोळे पाहत होते, आणि तिच्या डोळ्यांतला रस्ता वाचत होते.

"आता पडन," ते कुजबुजले. "स्पीडब्रेकर. पडला ना?"

"पडला."

"अजून एकदा. मंग साठ. मंग फाटकाशी थांबन."

"अब्बा, काय हाय हे? आत चुंबक असन... वीज..." ती बोलता बोलता थांबली. काटा शून्यावर आला होता. फाटक. दोघंही थांबले, खरोखरच गाडीत बसल्यासारखे. मग काटा उठला. शहराचं तोंड आलं, गर्दी आली, मोर्णेचा चढ आला, उतार आला. यावेळी पुलाशी तो थांबला नाही. दहाच्या खाली रेंगाळत राहिला, वळला असावा, पुन्हा रेंगाळला.

"हे तं आपलं..." उज्मा म्हणाली.

"होय," नबीभाई म्हणाले.

काटा शून्यावर टेकला.

दाराची एक फळी उघडी होती आणि तिच्यातून उन्हाचा पांढरा पट्टा जमिनीवर पडला होता. तो पट्टा डावीकडून विझत गेला. काहीतरी लांब, काळं, अगदी हळू सरकत दारासमोर येऊन उभं राहिलं होतं. ज्या गल्लीत दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत, त्या गल्लीत. तापलेल्या पेट्रोलचा वास आला. आणि एकदाच, हलकेच, दुपारी झोपलेल्यांना त्रास नको म्हणून वाजवावा तसा हॉर्न वाजला.

"कोन हाय वं?" आतून शकीलाबी झोपेतच करवादल्या. "एवढ्या दुपारी गल्लीत गाडी कोनं घातली?"

फळीच्या फटीतून एक कोपर दिसलं. पांढऱ्या बाहीचं, गाडीच्या खिडकीवर टेकवलेलं, बराच वेळ थांबायची तयारी असलेल्या माणसाचं. त्याच्या वर काय होतं ते फटीतून दिसत नव्हतं, आणि दोघांनीही वाकून पाहिलं नाही.

७

उज्मानं बापाचा दंड घट्ट धरला. नबीभाईंना मात्र त्याच क्षणी टेबलावरच्या काट्याचं टोक दिसलं. शून्यावर टेकलेलं असूनही ते थरथरत होतं. चालताना तर पहिल्या दिवसापासून थरथरत होतं.

काटा थरथरला तं घेऊन या. कधीबी या.

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर किती जणांना ऐकवलं असेल! त्यांतले किती आज हयात असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथेच सोडला. आलेला माणूस गिऱ्हाईक होता. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये.

"दिवा इकडं कर," ते उज्माला म्हणाले.

"अब्बा!"

"कर म्हणतो ना."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. टोकाला नखपॉलिशचा थेंब जाड झाला होता, त्याचं वजन काट्याला पेलत नव्हतं, एवढीच खोट. ब्लेडची धार टेकवून त्यांनी तो थेंब केसाकेसानं खरवडला. दारातलं कोपर जागचं हललं नाही. नबीभाईंचा हातही हलला नाही. दोन फुंकरी मारून ते थांबले, पाहिलं, आणखी एकदा ब्लेड लावलं. काटा गप्प झाला, पाण्यावरची काडी काठाला लागावी तसा.

"झालं," ते दाराकडे पाहून, रोजच्याच आवाजात म्हणाले. "आता नाई थरथरत. जा."

पट्टा उजवीकडून उजळत गेला. काटा उठला, या वेळी अगदी सरळ, आणि चालू लागला. दोघं बापलेक त्याच्यावर नजर ठेवून बसले. पूल गेला. फाटकावर थांबला, निघाला. सरळ पट्ट्यावर तर असा स्थिर राहिला की नबीभाईंच्या तोंडून "वाह" निघून गेलं. दोन स्पीडब्रेकर. आणि शून्य. त्यानंतर तो उठला नाही.

बाहेर ऊन होतं तसंच होतं. समोरच्या भिंतीला पाठ लावून एक बकरी उभी होती. तिला कुणाला वाट द्यायची होती, कोण जाणे.

उज्माचा चेहरा पांढराफटक पडला होता. नबीभाईंनी तिला माठातलं पाणी दिलं, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि फार जपून विचारलं,

"तुले दिसली ना?"

"दिसली, अब्बा."

"आवाज?"

"आला. अम्मीलेबी आला."

"अल्हम्दुलिल्लाह!" गुलाम नबी म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. परतवाड्याच्या बसस्टँडपासून छातीवर धोंडा होता, तो धपकन उतरला. डोकं शाबूत होतं! दारात उभं होतं ते काय होतं ते अल्लाला ठाऊक, पण ते दारात होतं, डोक्यात नव्हतं. डोळे पुसत ते हसत राहिले, आणि लेक भेदरून त्यांच्याकडे पाहत राहिली.

"डॉक्टरकडं जाऊन येऊ की उद्या," ते म्हणाले. "मले भेव नाई आता. पण तूबी दाखवून घे, तुहा रंग उडून राह्यला." मग त्यांनी पेन्सिल उचलून कागदावरच्या घड्याळाचे दोन्ही काटे काढले आणि कागद तिच्या हातात दिला. उज्मानं तो न पाहताच पर्समध्ये टाकला. त्या दुपारी नबीभाई कूलरपुढे आडवे झाले ते थेट अजानीला उठले.

सोमवारी अमरावतीची बस गाठण्याआधी त्यांनी दुकान उघडलं. जानराव आले. काच बसवलेलं मीटर त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, खूश झाले, दुपट्ट्यात गुंडाळलं. प्रतीक्षाच्या वरातीला यायचं आमंत्रण दिलं. दारापर्यंत जाऊन ते थबकले. नबीभाई काहीतरी बोलतील म्हणून वाट पाहू लागले. दरवेळचं एक वाक्य राहिलं होतं.

नबीभाई टेबल आवरू लागले.

शेवटी जानरावांनीच विचारलं, "अन् काटा थरथरला तं?"

नबीभाईंनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली.

"थोडा थरथरू द्या, भाऊ," ते म्हणाले. "काई बिघडत नाई."